उरलेला डावा बूट

माझ्या भावाला कुठे टाकलं? इतकी वर्षं विचारतोय, कुणी सांगितलं नाही.

मी डावा बूट. उजवा माझा थोरला. चांभाराने आधी त्याला शिवलं, मग मला. आम्ही फेलिमचे. तो आयरिश फुटबॉलपटू. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आयर्लंडातल्या डेरी गावाहून बोटीने निघून बर्मिंगहॅमच्या एका क्लबकडून खेळायला आला. पहिल्याच दिवशी आम्हाला घालून त्याने पाय पाण्याच्या बादलीत बुडवले आणि चामडं वाळेपर्यंत तसाच बसून राहिला. तेव्हापासून आम्हाला दुसऱ्या कुणाचा पाय चालला नाही.

गोल उजवा मारायचा. मी चिखलात रुतून उभा राहायचो. लोक ‘पॅडी, पॅडी’ ओरडायचे; इंग्लंडात कुठल्याही आयरिश माणसाला हेच नाव. जिंकलो तर लाडाने, हरलो तर शिवी दिल्यासारखं.

फेलिमला एकच हवं होतं. आयर्लंडकडून एक सामना. दोनदा बोलावणं आलं. मॅनेजर म्हणाला, "शनिवारी आपली मॅच आहे. आयर्लंड काय पळून चाललंय?"

तिसऱ्यांदा तो कसाबसा सोडायला तयार झाला. त्या सामन्याच्या आदल्याच शनिवारी समोरच्याची लाथ फेलिमच्या उजव्या घोट्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी शेजारूनच ऐकला.

पाय सुजला, बूट निघेना. हॉस्पिटलात नर्सने मोठी कात्री घेतली.

"कापू नका," फेलिम म्हणाला. "पुढच्या शनिवारी लागतील."

तिने उजव्याला वरपासून खालपर्यंत कापलं. मी दुसऱ्या पायात होतो. इतक्या जवळ. काही करता आलं नाही.

फेलिम पुन्हा कधी खेळला नाही. मला मात्र त्याने टाकलं नाही. तो गेल्यावर त्याच्या लेकीने, नोराने, माझ्यात खडे भरले आणि बाहेरचं दार उघडं राहावं म्हणून मला अडण म्हणून लावलं. दार जड, सोडलं की आपटणारं.

नोरा म्हातारी झाली, तशी कल्याणी रोज तिची देखभाल करायला येऊ लागली. मराठी घरातली मुलगी, इथेच जन्मलेली.

"आजी, हा बूट बिनमध्ये टाकू? किती स्मेल येतोय याला!"

"आधी तुला टाकीन."

"मग तुमचा चहा कोण करणार?"

"बूट करेल. तुझ्यापेक्षा बरा करेल."

दोघी हसायच्या. मला बरं वाटायचं.

परवा सकाळी कल्याणी आली तेव्हा नोरा उठलीच नाही. दुपारी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. कल्याणीने दार सताड उघडलं, मला उचलून त्याला घट्ट टेकवलं.

"नीट धर हं," ती म्हणाली.

फेलिमच्या घरातलं शेवटचं माणूस निघालं होतं. वाटलं, सरकावं. दार आपटू द्यावं, तिला जाऊच देऊ नये. पण पायाशिवाय बूट सरकणार कसा?

वारा दाराला ढकलत होता. नोरा बाहेर पडेपर्यंत मी ते धरून ठेवलं.