बदलीवरचा माणूस

लातूरच्या त्या डाळमिलमध्ये कुणी सुगीला गावी निघाला, की आपल्या जागी बदली माणूस लावून जायचा. हजेरी मात्र मूळ माणसाच्याच नावाने लागायची, म्हणजे त्याची जागा शाबूत राहायची. मालकाला कामाशी मतलब. तो सगळं बघायचा आणि काहीच बघितलं नाही असं दाखवायचा.

आदिनाथ सोयाबीन काढायला आपल्या गावी, उमरीला गेला आणि त्याच्या जागी बिलाल लागला. चौथ्याच दिवशी चालत्या पट्ट्यात त्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात मुकादम अण्णाराव त्याच्या कानाशी वाकला. "विमा आदिनाथच्या नावाचा हाय. तेच नाव सांग, न्हाईतर दमडी भेटणार न्हाई."

बिलाल वेदनेने अर्धमेला झालेला, आणि मुळातच भोळा. त्याने आदिनाथचं नाव सांगितलं. त्याची बायको रईसा हिने आदिनाथच्या बायकोच्या, मनिषाच्या नावाने दवाखान्याच्या कागदावर अंगठा उठवला.

पुढे विम्याचं काहीच आलं नाही आणि मालकाने हात झटकले. बिलालने भरपाईचा दावा लावला. आता सगळी भिस्त आदिनाथवर होती. त्याने खरं सांगितलं की झालं, असं बिलाल रईसाला रोज समजावायचा.

सुनावणीला मिलच्या वकिलाने दवाखान्याचा कागद पुढे केला. "साहेब, या कागदात हात तुटला तो आदिनाथचा. आदिनाथ तर हा इथं उभा आहे."

साहेबांनी सांगताच आदिनाथने दोन्ही हात वर केले. चांगले धडधाकट.

"हा बिलाल तुमच्या जागी बदलीवर होता?" साहेबांनी विचारलं.

आदिनाथ खरं बोलला असता तर संध्याकाळी त्याच्यासाठी मिलचं दार बंद झालं असतं.

"न्हाई साहेब. त्या दिवशी मीच कामावर होतो."

बिलालने थोटा हात वर केला. साहेब लिहीत होते. दावा फेटाळला गेला.

बाहेर आदिनाथने गर्दीतच त्याचे पाय धरले. "माफ कर बिलालभाई, माझी बी लेकरं हायेत." बिलालने पाय सोडवून घेतले. त्या क्षणी त्याला आदिनाथचा जीव घ्यावासा वाटला.

डोळे पुसत आदिनाथ रईसाकडे वळला. "भाभी, परवापासून आम्ही दोघं हरभरा काढायला गावी चाललो. मनिषाची मिलमधली डाळ निवडायची जागा रिकामी हाय."

बिलाल त्याच्या अंगावर धावला. रईसाने त्याला मागे ओढलं. कालपासून घरात चूल पेटली नव्हती.

"किती वाजता यायचं?" तिने विचारलं.