गवताची विधवा

१८७९ सालच्या थंडीत कल्याणात कुणाचं इंग्रजीवाचून अडलं, तर त्याला गोपीनाथ कर्णिकाकडे पाठवत. रेल्वेच्या एका बांधकाम कचेरीत तो कारकून होता. वय तिशीच्या आत, पगडी नीट बसवलेली, आणि बोलताना एखादा इंग्रजी शब्द पेरायची सवय. नोकरी मागायला गेला तेव्हा विल्कीसाहेबानं त्याला विचारलं होतं, "इंग्रजी कितपत समजतं?" त्यावर गोपीनाथ म्हणाला होता, "मराठीइतकंच." साहेबानं ते खरं मानलं आणि हळूहळू गोपीनाथही ते खरं मानू लागला.

त्या दसऱ्याला विल्कीसाहेब सिंधकडे गेला. काबूलच्या लढाईसाठी बोलन घाटाच्या दिशेनं घाईनं रूळ टाकायचे होते. जाताना त्यानं कल्याणच्या आसपासची ओळखीची माणसं सोबत नेली. त्यात ठाकुर्लीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा काळुराम हा आगरी होता. साहेबाची मडम मात्र लहान मुलाला घेऊन स्टेशनाजवळच्या बंगल्यात राहिली. तिला मराठी येत नसे, म्हणून टपाल घेऊन गोपीनाथ बंगल्यावर जाई आणि नोकरमाणसांशी तिचं बोलणंही करून देई.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो साहेबाचं पत्र घेऊन गेला, तर पायरीखाली एक बाई उभी. केसांत, लुगड्यावर गवताच्या काड्या. मुंबईच्या घोड्यांसाठी खडवलीकडून गवत येई, त्याच्या वखारीत ती गठ्ठे बांधायची. ती काळुरामाची बायको बायजा होती.

"सायबाचा कागुद आला म्हनतात," ती म्हणाली. "मडमीला इचारा, माज्या घोवाची काय खबर हाय?"

गोपीनाथानं इंग्रजीत सांगितलं, हिचा नवरा साहेबांच्या टोळीत आहे, ती त्याची खबर विचारते आहे. मडमेनं नुकत्याच वाचलेल्या पत्राची घडी केली. बायजेकडे पाहून ती जराशी हसली आणि म्हणाली, "बिचारी! म्हणजे हीसुद्धा ग्रास-विडो. सांग तिला. म्हणावं, धीर धर." तेवढ्यात आत मूल रडलं आणि ती लगबगीनं गेली.

गोपीनाथ जागच्या जागी उभा राहिला. ग्रास म्हणजे गवत आणि विडो म्हणजे विधवा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही मिळून काय होतं, ते मात्र त्यानं कधी ऐकलं नव्हतं. समोरची बाई गवताच्या वखारीतली होती. मडमेच्या हातात ताजं पत्र होतं, आणि ती धीर धर म्हणाली होती. सगळं जुळत होतं. फक्त ते हसू जुळत नव्हतं. दाराशी जाऊन "मडम, हा शब्द मला कळला नाही," एवढं विचारायला काही वेळ लागला नसता. पण मग ती म्हणाली असती, मराठीइतकंच ना?

तो बायजेकडे वळला. "बाई, तुझा नवरा गेला."

"गेलाय ते मना ठाव हाय," बायजा म्हणाली. "दसऱ्यालाच गेला. येल कवा?"

"येणार नाही," गोपीनाथ म्हणाला. "वारला तो. मडम म्हणते, धीर धर."

ती रडली नाही. मडम गेली त्या दाराकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि पाठ फिरवून चालू लागली.

त्या दिवशी कचेरीत गोपीनाथानं ही गोष्ट हळहळत सांगितली. लोकांनीही हळहळत ऐकली. पण मडमेचं हसू त्याच्या मनातून जाईना. संध्याकाळी मोठ्या बाबूंच्या फडताळातला इंग्रजी कोश त्यानं काढला. त्यात तो शब्द होता. अर्थ दिला होता: लग्नावाचून आई झालेली मुलगी, प्रियकरानं टाकलेली बाई. मरणाचा कुठे उल्लेख नव्हता. त्यानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडून तीच ओळ वाचली. मडमेसारखी बाई एका कष्टकरी बाईला असं कशाला म्हणेल? मग आपलाच अर्थ बरोबर असेल, असं त्यानं स्वतःला पटवलं. पटलं मात्र नाही.

त्यानंतर बंगल्यावर जायचं तो टाळू लागला. टपाल शिपायाबरोबर पाठवून देई. शेवटी मडमेनंच बोलावणं धाडलं. काम झाल्यावर तिनं सहज विचारलं, "ती दुसरी ग्रास-विडो पुन्हा आली नाही?"

"दुसरी?" गोपीनाथ म्हणाला.

"पहिली मी!" ती हसली. "माझा नवरा तिकडे, मी इकडे."

तो कसाबसा म्हणाला, "कोशात या शब्दाचा अर्थ निराळा आहे, मडम."

मडम लाल झाली. "तो जुना अर्थ. माझ्या आजीपुढे हा शब्द काढला असता, तर तिनं मला जेवणावरून उठवलं असतं. तिच्या गावी फसलेल्या मुलींना असं म्हणत. नवरा नाही, घर नाही, अंथरूण म्हणजे गवत, म्हणून. पण इकडे हिंदुस्थानात आम्ही सगळ्या हसतहसत वापरतो. उन्हाळ्यात बायका डोंगरावरच्या हिरवळीत आणि नवरे खाली उन्हात, म्हणून गवत, असं म्हणतात. कुणी म्हणतं, मूळ शब्द गवताचा नव्हेच, ग्रेस म्हणजे कृपा; कृपेपुरती विधवा. खरं कोणतं कुणास ठाऊक! जिचा नवरा आहे पण जवळ नाही, ती ग्रास-विडो, एवढं आता सगळे समजतात." मग तिनं विचारलं, "तिला काय सांगितलंस तू?"

"आपण म्हणालात तेच," गोपीनाथ म्हणाला.

घरी येताना त्याला आठवलं, 'तुझा नवरा गेला' हेच शब्द आधी आपल्या तोंडून निघाले होते. बाईनं ते बरोबर ऐकलं होतं. तिथेच थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण आपण तिला समजावून दिलं!

दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून तो निजून राहिला. एकदा मिठागरांपर्यंत गेला, लांबून काळुरामाच्या गावातली घरं पाहिली आणि परत फिरला. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसला. रविवारी मात्र तो भल्या सकाळी निघाला आणि वाटेत कुठे थांबला नाही.

अंगणात काळुरामाची आई आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती. बायजा आतून आली. कपाळ पांढरं, हात बोडके. गोपीनाथानं तिच्या हातांकडे पाहिलं आणि नजर जमिनीला खिळवली.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मडम तसं म्हणालीच नव्हती. मला तो शब्द ठाऊक नव्हता. नवरा दूर गावी असला की त्यांच्यात बाईला तसं म्हणतात."

मग आवडाबाई पुढे सरकली. "मंजे माजा कालू जिता हाय?"

गोपीनाथाला हो म्हणायचं होतं. ते त्याला माहीत नव्हतं. "वारल्याची खबर आलेली नाही," तो म्हणाला. "त्याहून जास्त मला ठाऊक नाही."

"आमी त्याचा दहावा केला रं," म्हातारी म्हणाली. "कावला शिवंना. दुपार टललेली तरी शिवंना. मी म्हनलं, काय अडलाय माज्या पोराचा? शेवटी दर्भाचा कावला करून शिवला." ती हसत होती की रडत होती, ते तिलाही कळत नव्हतं. डोक्यावरचा पदर तिनं तोंडात कोंबला.

बायजेचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. "ती हासलेली," ती गोपीनाथाला म्हणाली. "मी बगलेला. मना वाटलं, माजा घोव मेला न ही बाय हासतंय. तवा खाडीवर जाऊन मी तिला लय वाईट बोललं. म्हनलं, तुजा बी कुंकू पुसला जाव." तिचा आवाज खाली आला. "मना तिच्याकडं न्या. आताच."

रुळांच्या कडेनं दोघं कल्याणला आली. बायजा पुढे, गोपीनाथ मागे. बंगल्याच्या व्हरांड्यात मडम मुलाला भरवत होती. आधी गोपीनाथाला स्वतःचं सांगावं लागलं. तो सांगत गेला तशी मडमेची नजर बायजेच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली.

"तू मला म्हणालास, मी म्हटलं तेच सांगितलं म्हणून," ती म्हणाली.

"खोटं बोललो, मडम."

मग बायजा बोलली आणि त्याला तिचा शाप इंग्रजीत सांगावा लागला. त्यानं एकही शब्द गाळला नाही, सौम्य केला नाही. मडम खाली पायरीवर बसली. म्हणाली, "तिला सांग, तिच्या जागी मीही हेच केलं असतं." मग आतून पत्र आणून तिनं त्यातला मजकूर वाचला. पत्र लिहिलं त्या दिवसापर्यंत टोळीतली सगळी माणसं धडधाकट होती. गोपीनाथानं तेवढंच सांगितलं. बायजेनं मडमेच्या पायांना हात लावला आणि मडम गोंधळून उठून उभी राहिली.

बायजा गेल्यावर मडम म्हणाली, "कळलं नाही म्हणून विचारायचं होतंस, गोपीनाथ. मी काय हसले असते?"

ती हसली असती, याचीच त्याला भीती वाटली होती. हे मात्र त्याला तिला सांगता आलं नाही.

वैशाखात काळुराम परत आला, खोकत, अर्धा होऊन. दहावा झालेला माणूस म्हणून गावानं त्याला वेशीबाहेर बसवलं. भटजींनी त्याचं पुन्हा बारसं केलं, पुन्हा बायजेशी लग्न लावलं आणि मग घरात घेतलं. लग्नाचं बोलावणं गोपीनाथाकडेही आलं. तो गेला नाही.

मग काळुरामच एका दुपारी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला. गोपीनाथ बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला.

"बसा," काळुराम म्हणाला. "भांडाया नाय आलो. काम हाय. आमच्या टोलीत खडवलीचा धाकू होता. उन्हानं मेला, माज्याच मांडीवर. त्याच्या घरी अजून कोनाला ठाव नाय. मी दोनदा स्टेशनापर्यंत जाऊन परत आलो. मना त्वांड उघडवत नाय. तुमाला सांगाची सवय हाय."

त्यात टोमणा नव्हता. तो अगदी सरळपणे बोलत होता, आणि म्हणूनच गोपीनाथाला ते सोसवेना. त्यानं विचारलं, "तू स्वतः पाहिलंस? नाव नक्की धाकूच? खडवलीचाच?" काळुरामानं सगळ्याला होकार दिला. गोपीनाथानं तेच पुन्हा विचारलं. मग आत जाऊन त्यानं रजा मागितली.

दोघे गाडीनं खडवलीला उतरले. धाकूची बायको सगुणा दारात भात कांडत होती. काळुराम कुंपणाशीच थांबला. गोपीनाथ पुढे गेला आणि तिला बसायला लावून, जे ऐकलं होतं तेवढंच, हळू आवाजात सांगितलं. तिनं मुसळ हातातून सोडलं नाही. मग तिनं मान वर केली.

"तुमी कोन?" तिनं विचारलं. "तुमच्या सांगन्यावर मी कशी इश्वास ठेवू?"

गोपीनाथानं कुंपणाशी उभ्या असलेल्या काळुरामाकडे पाहिलं आणि त्याला हातानं जवळ बोलावलं. "माझ्यावर ठेवू नको, बाई," तो म्हणाला. "यानं पाहिलंय. याला विचार."