उपाशी वाफा

कोल्हारला मनमाड रस्त्याच्या अगदी कडेला कारभारींचं रान. त्यात त्यांच्या शेतकी शिकणाऱ्या लेकीनं, सृष्टीनं, गव्हाचा एक वाफा मुद्दाम उपाशी ठेवला होता. शेणखत नाही, युरिया नाही, काही म्हणजे काही नाही. मातीत कार्बन आणि नायट्रोजन कसे फिरतात याचं मॉडेल ती कॉम्प्युटरवर बांधत होती. वरून काही न देता माती आपल्या साठ्यावर पीक कुठवर पोसते, ते या वाफ्यावरून कळणार होतं. मॉडेलचा आकडा वाफ्याशी जुळला तर प्रबंध, नाहीतर वर्ष वाया.

आणि जुळायचं नाव नाही! मॉडेल म्हणे, नायट्रोजन संपत आला. मातीची तपासणी म्हणे, वाढतोय. सृष्टीला वाटलं, मॉडेलच वाकडं. मातीतले जिवाणू काडीकचरा कुजवून नायट्रोजन मोकळा करतात, म्हणून तिनं त्यांचा कामाचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. शेवटी तिचे मार्गदर्शक वाकचौरे सर फोनवर म्हणाले, "अगं, तुझे जिवाणू ऐन गळीत हंगामातल्या कारखान्यासारखे तिन्ही पाळ्या राबतायत. उद्या मी स्वतःच वाफा बघतो."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना घेऊन सृष्टी कारभारींसोबत बांधावर पोचते तो काय, तिची थोरली चुलती गोजरबाई वाफ्यात शेणकाल्याची बादली ओतत होती.

"मोठी आई! हे काय करतीस?"

"पिवळं पडलं हुतं गं," गोजरबाई जराही न वरमता म्हणाली. "सोयरेधायरे ह्याच रस्त्यानं जात्यात. म्हनतील, ह्यांच्यात पिकाला बी खायला न्हाई. आपन दारातलं कुत्रं उपाशी ठेवत न्हाई, ह्यो तर गहू हाय."

"वहिनी, पोरीच्या अभ्यासाची पार माती केली तुमी!" कारभारी कडाडले.

"व्हय का, भावजी? मग पानी द्यायच्या निमित्तानं युरिया कोन फेकीत हुतं?"

कारभारींना एकदम खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात पलीकडच्या रानातला मच्छिंद्र हळूच मागं सरकायला लागला. बांधावरून त्याचं आणि कारभारींचं कित्येक वर्षांचं हाडवैर.

"तू रं कुठं निघालास?" कारभारींनी त्याला हटकलं.

"मी आपली कोंबडखताची येकच पाटी टाकली," मच्छिंद्र पुटपुटला. "भांडन तुमच्याशी हाय, गव्हाशी न्हाई."

सृष्टीला रडू फुटायचंच बाकी होतं. पण मग ती अशी काही भडकली, की बांधावरच लॅपटॉप उघडून बसली. कुणी, कधी, किती टाकलं, एकेकाला विचारून तिनं सगळं मॉडेलला दिलं. बिचाऱ्या जिवाणूंना त्यांच्या मूळ चालीवर आणलं. आणि पडद्यावरची रेघ तपासणीच्या ठिपक्यांवर अलगद जाऊन बसली. मॉडेल पहिल्यापासून खरंच बोलत होतं, लबाडी तिच्या घरच्यांची होती. राग विसरून ती हसायलाच लागली.

"जुळलं. आता हेच लिही," सर म्हणाले. पण त्यांचं लक्ष वाफ्याच्या एका कोपऱ्याकडे गेलं होतं. तिथवर कुणाचाच हात पोचला नव्हता, गहू हळदीसारखा पिवळा पडला होता. सरही मूळचे अकोल्याच्या शेतकऱ्याचेच. त्यांनी बराच वेळ चुळबुळ केली.

"गोजरबाई," ते हळूच म्हणाले, "त्या बादलीत थोडं उरलंय का?"

सृष्टीनं मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.