बिनविस्तवाची उकळी

देवळापुढं एवढी माणसं दाटली होती की कुणाच्या तरी कोपरानं माझी टोपी पडली आणि ती उचलायला मला वाकता येईना. सगळ्यांचे डोळे ओट्यावरच्या एका मातीच्या घड्याकडं. घड्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं. खाली चूल नाही, विस्तव नाही, धूर नाही. आणि आत पाणी उकळत होतं. कान दिला की बुडबुड ऐकू यायची. फडकं फुगायचं, बसायचं, पुन्हा फुगायचं. मग काठावरून पांढरा फेस ओघळला आणि बायांनी देवीच्या नावाचा गजर केला.

"हात लगाव! भिऊ नक्को!" घड्यामागं बसलेले, गावात नवेच उतरलेले महाराज गरजले. "तुमची चूल पोळविते, माय पोळवत न्हाई. थंडी उकळी हाय ही!"

सखुबाईनं भीत भीत हात लावला. "अगं बाई, गारच हाय की!"

मग मीही लावला. गार होता. माझ्या अंगावर काटा आला आणि मी, गावचा शाळामास्तर, 'पाणी तापलं म्हणजे उकळतं' हे दरसाल पोरांकडून घोकून घेणारा तातेराव, दोन्ही हात जोडून उभा राहिलो.

खरी लाज तर पुढंच आहे. तसला फेस मी दर शुक्रवारी माझ्या घरी बघत होतो.

गोष्ट सन त्रेचाळीसची, नवरात्र उलटल्यानंतरची. सेनगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. निजामी अंमल, त्यामुळं शाळेला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी माझ्या मागच्या कोठीत तिघांची बैठक भरायची: मी, हळदीचा शेतकरी रामकिशन, आणि जवळच्या तांड्यावर राहून कापूस पिकवणारा हिरासिंग. तिघांनाही एकच नाद. आठवडाभर आपापल्या घरी काहीतरी आंबवायचं आणि शुक्रवारी एकमेकांना चाखवायचं. प्यायचं घोटभर, बोलायचं दिवसभर. हिरासिंग मोहाची फुलं भिजवायचा. रामकिशन गुळात कधी जांभळं, कधी सीताफळं घालून बघायचा.

मी मात्र बियर करायचो. हिंगोलीच्या छावणीत गोऱ्या साहेबांकडं राहिलेल्या एका म्हाताऱ्या बावर्च्यानं मला कृती सांगितली होती. जवाऐवजी मी मोड आणून वाळवलेली ज्वारी घेतली. साहेब लोक कसलासा कडू पाला घालतात, तो मिळेना म्हणून कडुलिंब घातला. चव ओल्या सुतळीसारखी यायची. "मास्तर, येच्यापेक्षा ताप बरा," असं रामकिशन म्हणायचा. तरी मी दर खेपेला तळाचा गाळ पुढच्या खेपेचं विरजण म्हणून जपून ठेवायचो. रांजण कोठीत, ज्वारीच्या कणगीमागं. माझी बायको मनकर्णा, हिला यातलं काही ठाऊक नाही अशी माझी पक्की समजूत होती. सरकारला तर ठाऊक होऊनच चालणार नव्हतं. आबकारीचा कायदा कडक.

महाराजांची रीत अशी. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्यानं नव्या घड्यात गुळाचं पाणी घेऊन यायचं. महाराज आधी आजाऱ्याला काय औषध चाललंय ते हळूच विचारून घ्यायचे, मग काहीतरी पुटपुटून कमरेच्या दोन पिशव्यांपैकी एकीतली चिमूटभर विभूती आत टाकायचे. दुसऱ्या दिवशी घडा उकळला की देवी पावली. ते तीर्थ आजाऱ्याला आणि घरच्यांना. ते पिऊन म्हातारीकोतारी डुलायला लागायची. "देखो, माय अंगात येऊन राहिली!" आणि घडा उकळला नाही, तर त्या घरात पाप.

हिरासिंगचा घडा उकळला नाही.

त्याची पोरगी पारू हिवतापानं पडली होती. महायुद्धामुळं हिवतापाचं औषध, कोयनेल, कुठं मिळत नव्हतं. मी हिंगोलीच्या दवाखान्यात ओळख काढून थोड्या गोळ्या आणून दिल्या होत्या. ताप उतरायला लागला आणि नेमके तेव्हाच हे महाराज गावात उतरले.

"लेकराला काय चारता?" त्यांनी भर गर्दीत पुन्हा विचारलं.

"कोयनेल, म्हाराज."

"गोऱ्याची कडू गोळी! म्हणून माय रुसली. फेक दे! कडू पोटात हाय, तोवर माय भायेर!"

हिरासिंगनं गोळ्या ओढ्यात टाकल्या. मला हे कळलं शुक्रवारी, रामकिशनकडून. त्या दिवशी हिरासिंग बैठकीला आलाच नाही.

रामकिशननं तांब्यात तीर्थ आणलं होतं. त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी मिळालं होतं, त्यातलंच उरलेलं. त्यानं भक्तिभावानं एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटले.

"मास्तर."

"काय?"

"गूळ काळा हाय. विरजण जुनं. पर उतरलंय साफ." आणखी एक घोट घेऊन तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा लई चांगलं जमलंय."

मी तांब्या हिसकावून घेतला आणि चाखलं. खरंच चांगलं होतं. त्या क्षणी माझ्यात विवेक वगैरे काही जागा झाला नाही. जागा झाला तो मत्सर. इतकं साफ उतरवायला हा बाबा करतो तरी काय? या विचारात जळत असतानाच डोक्यात उजेड पडला. मी करतो तेच तो करतो! विरजणाचा गाळ वाळवून राखेत मिसळला की झाली विभूती. गुळाच्या पाण्यात पडली की ती गूळ खाते आणि वायू सोडते. वायूचे बुडबुडे येतात, फडकं फुगतं. माझ्या रांजणातून आला तर फेस, देवळातून आला तर देवी!

आम्ही तसेच तांड्यावर गेलो. पारू गोधडीत कुडकुडत होती, ओठ पांढरेफटक. तिची आई नीलाबाई तिचे तळपाय चोळत होती. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. हिरासिंगला ते पटेना.

"मास्तर, मी बी आंबवतो. मला काय कळत न्हाई व्हय? मग माझाच घडा काहून न्हाई उकळला? बाकीच्यांचा तर उकळला!"

नीलाबाई रडायला लागली. "ती गोळी मीच चारली लेकराला. माझ्या या हातानं."

पोरीला तापानं धरलं होतं आणि आईला पापानं. मला माझे देवळातले जोडलेले हात आठवले आणि मान वर करवेना.

रामकिशन म्हणाला, "हिरासिंग, तुझा घडा आण. तेच पाणी, तोच घडा. मास्तर त्यात आपलं विरजण टाकतील. उकळला तर पोरीला हिंगोलीला न्यायचं. बोल."

"आन न्हाई उकळला तर?"

"तर मास्तर म्हाराजाचे चेले."

मी घरून वाटीभर गाळ आणला आणि घड्यात ओतला. मंत्र म्हणून बेचा पाढा म्हटला. रामकिशन हसला, हिरासिंग हसला नाही. घरी परतलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आजवर माझी निम्मी विरजणं नुसती सडली होती, आणि आता एका लेकराचा जीव कडुलिंबाच्या बियरवर टांगलेला.

सकाळी हिरासिंग दारात उभा. घडा खांद्यावर, सदऱ्यावर फेसाचे ओघळ. "पारूची आई आन माझा भाऊ थावरा पोरीला गाडीत घालून हिंगोलीला निघाले," तो म्हणाला. "आता मला देवळात जायचंय."

देवळात गर्दी होतीच. मी घडा ओट्यावर ठेवला आणि वर्गात बोलावं तसं बोललो, "मंडळी, याला महाराजांचा मंत्र लागलेला नाही. बेचा पाढा लागलाय."

फडकं काढताच फेस उसळून माझ्या धोतरावर आला. मग सखुबाई पुढं आली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "मास्तरांवर बी माय परसन्न झाली!" तिच्यामागं रांग लागली.

महाराज हुशार. "हौ! मास्तर तो मेरा गुरुभाई हाय!"

खोटं कशाला बोलू, पहिले दोन-चार नमस्कार बरे वाटले. मग हिरासिंगचा चेहरा दिसला आणि मी ओरडलो, "उठा! पाया पडू नका! ही देवी नाही, दारू आहे!"

"तुमाला काय ठाऊक दारूचं?" मागून कुणीतरी विचारलं.

मी धोतरावरचा फेस पुसायला लागलो. रामकिशन आभाळाकडं बघायला लागला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मनकर्णेचा आवाज आला, "सांगा की! कणगीमागच्या रांजणात काय ताक हाय? मला काय नाक न्हाई व्हय?"

सगळं देऊळ हसलं. मग लपवायचं काही उरलं नाही. रांजण, गाळ, विरजण, वायू, सगळं सांगून टाकलं. शाळेत माझं एवढं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"शराबी मास्तर!" महाराज किंचाळले. "आबकारीवाले को बुलाव!"

"बोलवा," मी म्हणालो. "त्याला माझा घडा चाखू द्या, आणि शेजारचा तुमचाही."

महाराज एक पाऊल मागं सरकले. आता हिरासिंग पुढं झाला. "म्हाराज, बाकीच्यांच्या घड्यात तुमी उजव्या पिशवीतली विभूती टाकली. माझ्या घड्यात डाव्या. मी पायलं व्हतं, पर तवा ध्यानात आलं न्हाई." त्यानं दोन्ही पिशव्या ओढून काढल्या आणि एकेक नाकाला लावली. "ही नुसती राख. आन ही... मास्तर, ही आपल्या शुक्रवारची!"

दोन तांब्यांत गूळपाणी केलं. एकात या पिशवीची चिमूट, दुसऱ्यात त्या. उजवीचा तांब्या दुपारपर्यंत फसफसला, डावीचा तसाच राहिला. डाव पोरासोरांनाही कळला. जो आजारी दवाखान्याचं औषध घेत होता, त्याच्या घड्यात कोरी राख. कारण तो बरा झाला असता तर नाव दवाखान्याचं झालं असतं. आम्ही सगळे तांब्यांकडं टक लावून बसलो होतो, तेवढ्यात महाराज कधी पसार झाले ते कुणालाच कळलं नाही. पुराव्यावर नजर ठेवायच्या नादात आम्ही आरोपी सोडला.

पारू वाचली. आणखी उशीर झाला असता तर ताप मेंदूत चढला असता, असं डॉक्टर म्हणाले. हाडांची काडी होऊन परत आली, पण आपल्या पायांनी गाडीतून उतरली. आबकारीचा जवानही येऊन गेला आणि माझा रांजण फोडून गेला. मनकर्णेनं त्याला चहा पाजला.

लोक विचारतात, मास्तर, तुमी शिकलेले, तुमी कसे फसले? माहिती नव्हती म्हणून मी फसलो नाही. माहिती माझ्या कोठीत रांजणभर होती. गर्दीत उभा राहिलो, आणि ती वापरायची राहून गेली. म्हणून सांगतो, चमत्कार खुशाल बघा, पण हात जोडायच्या आधी विचारा की हे माझ्या घरी, माझ्या भांड्यात करून दाखवता येईल का. आणि आजारी लेकराच्या तोंडचं औषध काढून घ्या असं सांगणारा भेटला, तर तो देवाचं नाव घेवो की आणखी कुणाचं, आधी औषध द्या. त्याची परीक्षा मागाहून घेता येते. लेकरू मागाहून आणता येत नाही.