दादूशेटचा नाका

खारपेठेत गुळाचा भाव चढला तेव्हा लोकांनी शिव्या गावच्या कमिटीला दिल्या नाहीत, दादूशेटला दिल्या. आपल्याकडे हे असंच चालतं. जकात बसवली कमिटीने, कारण कमिटीला रस्त्यावर कंदील लावायचे होते. ती वसूल करायचा नाक्यावरचा गंगाराम कारकून. पण तागडी घेऊन लोकांसमोर बसलेला असायचा दादू वाणी, म्हणून तोंडसुख त्याच्यावर. सोनूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा तर पक्का समज होता की कंदिलातलं तेल हाच पितो.

दादूशेटचं दुकान बापाच्या वेळचं. गूळ, तूप, खोबरेल, घासलेट, तंबाखू. त्या दुकानावर त्याचा जीव. बायको सगुणा म्हणायची, "ह्यांचं लग्न दुकानाशी लागलंय, मी आपली करवली." दादूशेट हसून सोडून द्यायचा, पण ते काही अगदीच खोटं नव्हतं. आणि आता गिऱ्हाईक तुटायला लागलं, तसं त्याच्या घशाखाली घास उतरेना.

जकातीचा नियम असा होता: गाडीने, गोणीने, डब्याने माल गावात आला की जकात, घरखर्चाला हातात मावेल एवढंच कोणी आणलं तर माफ. हा नियम करणाऱ्याला दुकानदार माणूस ठाऊक नसावा. दादूशेटने बाजारातला गाळा सोडला, तो लगेच एका न्हाव्याने धरला, आणि नाक्यावरच्या आडव्या बांबूच्या पलीकडे दहा पावलांवर माडाच्या झापांचा मांडव घालून त्याने दुकान थाटलं. माल गावात आलाच नाही, तर जकात कसली? गिऱ्हाईक बांबूखालून वाकून बाहेर जाई, गूळ घेई, पुन्हा वाकून आत येई. हातात मावेल एवढं. सगळं कायदेशीर.

धंदा असा उठला की विचारू नका. सोनूबाई पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. दादूशेटला वाटलं, आता म्हातारपणापर्यंत चिंता नाही.

कमिटीला मात्र चिंता पडली. नाक्यावर पैसा जमा होईना, कंदील विझले. कमिटीचे अध्यक्ष आप्पा खोत, त्यांनी ठराव केला. एका सकाळी दादूशेट दुकानावर पोचतो तर बांबू दुकानाच्या पलीकडे, आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून गंगाराम कारकून छत्री धरून बसलेला.

"हे काय हो, गंगाराम?"

"गाव वाढलं, दादूशेट."

"कधी?"

"काल दुपारी. ठराव झाला."

दादूशेटने मांडव सोडला, माल डोक्यावर घेतला आणि बांबूच्या पलीकडे जाऊन पुन्हा दुकान लावलं. पुढल्या महिन्यात गाव पुन्हा वाढलं. दादूशेट पुन्हा उठला. आता मागे हटेल तो दादूशेट कसला, आणि मागे हटतील ते आप्पा खोत कसले. दोघेही हट्टी, आणि मधे रस्ता लांजाच्या दिशेने मोकळा पडलेला. दुकान पुढे, नाका मागे. पावसात वाहणारा पऱ्या गावात आला. भाताची खाचरं गावात आली, त्यातली म्हशी-रेडकं गावकरी झाली. मसणवट गावात आली. इतकी वर्षं बाहेर टाकलेली माणसं एका ठरावाने आत आली, तीही बिनजकात. शेवटी चढण चढून दुकान वर सड्यावर जाऊन बसलं, जिथे जांभ्या दगडाशिवाय आणि वाऱ्याशिवाय काही नाही. मागोमाग नाकाही आला.

गिऱ्हाईकांचं काय, म्हणाल तर तीही येतच होती! स्वस्त गुळासाठी माणूस कुठवर चालेल याला काही मर्यादा नाही. वहाणा झिजल्या, त्यांचे पैसे कोणी धरत नव्हतं. कोणी बैलगाडी भाड्याने करून येई आणि हातात मावेल एवढं तूप घेऊन जाई. सोनूबाईला परतीच्या वाटेवर भूक लागायची, ती मसणवटीपाशी बसून निम्मा गूळ खायची. घरी गेल्यावर सुनेला उरलेला गूळ दाखवून म्हणायची, "बघ, जकात वाचवली."

सगुणा रोज दुपारी दादूशेटची भाकरी घेऊन यायची. तांदळाची भाकरी, वर सुकटाची चटणी किंवा कुळथाची पिठी. दुकान बाजारात होतं तेव्हा भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. आता सडा चढेपर्यंत ती पार निवून जायची, आणि वाटेत बांबूशी गंगाराम बसलेला.

"बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नाही, वहिनी," तो म्हणायचा, "पण कारकुनाला पोट आहे." आणि चतकोर मोडून घ्यायचा. घरापासून इतका लांब फेकला गेलेला तोही, त्याला कोण भाकरी आणून देणार. सगुणा त्याला कधी नाही म्हणाली नाही.

दादूशेट मात्र करवादायचा. "मेली ही जकात. मानेवर सुरी आहे नुसती. गरिबाच्या भाकरीलासुद्धा सोडत नाहीत." गिऱ्हाईकं माना डोलवायची आणि आणखी अच्छेर-पावशेर गूळ घ्यायची.

"बास झालं आता," सगुणा एकदा म्हणाली. "मला एवढी चढण होत नाही. घरी चला. न्हाव्याकडून गाळा मागू."

"हा एवढा माल आत न्यायचा तर सगळ्यावर जकात बसेल गो. थांब जरा. कमिटी दमेल."

आणि खरंच कमिटी दमली. कारकुनाचं गाडीभाडं, त्याला प्यायला पाण्याची कावड, वाऱ्याने मोडलेल्या छत्र्या, या सगळ्याला जकातीपेक्षा जास्त खर्च यायला लागला. आप्पा खोतांनी ठराव केला: जकात बंद. गंगारामने बांबू उपसून कडेला टाकला, खुर्ची डोक्यावर घेतली, आणि "येतो, दादूशेट" म्हणून चालू लागला. दादूशेटने आनंदाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना साखर वाटली. जिंकलो, असं तो सगुणाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आलं, तेही साखर वाटतायत का बघायला. कशाला येतील? बाजारात दुसऱ्या वाण्याने दुकान काढलं होतं, तिथेही गूळ त्याच भावाने. सड्यावर चढून यायचं ते बांबू चुकवायला, आणि बांबूच गेला. दादूशेट मालासमोर बसून राही. वाऱ्याने झापं फडफडत, गुळाला मुंग्या लागत. न्हावी गाळा सोडायला तयार नव्हता. बापाचं दुकान आपल्या डोळ्यांदेखत संपतंय, हे त्याला कळून चुकलं, आणि तो फार घाबरला.

तो आप्पा खोतांकडे गेला. "आप्पा, जकात परत बसवा."

आप्पा पान लावत होते. "मानेवरची सुरी म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो."

"मग आता?"

"आता मान तरी कुठे आहे, आप्पा." दादूशेटच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ठराव तो ठराव. आप्पांनी त्याला विडा दिला आणि वाटेला लावलं.

परत आल्यावर दादूशेट बराच वेळ कडेला पडलेल्या बांबूकडे बघत राहिला. मग उठला, दोन दगड रचले आणि दुकानाच्या गावाकडच्या अंगाला रस्त्यावर बांबू आडवा ठेवला. वरून चुन्याचे पट्टे ओढले. बस्स. कोणाकडून काही घेतलं नाही, नाका आहे असं म्हटलं नाही.

लांजाकडून एक गाडीवान येत होता, त्याने बैल थांबवले. "नाका परत लागला वाटतं, शेट?"

"समोर दिसतंय तेच आहे," दादूशेट म्हणाला. आणि हे काही खोटं नव्हतं.

गाडीवानाने खाली उतरून गूळ घेतला, हातात मावेल एवढा. गावात बातमी गेली. दोन-तीन दिवसांत माणसं पुन्हा सडा चढायला लागली. दादूशेटचा भाव आता बाजारापेक्षा जास्त होता, पण बांबू बघितल्यावर भाव कोण विचारतो? बांबूखालून वाकून जाताना प्रत्येकाला काहीतरी वाचवल्यासारखं वाटे. सोनूबाई तर सगळ्यांत खूश.

सगुणा चार दिवस तापाने पडून होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी ती भाकरी घेऊन चढण चढून आली. बांबूपाशी थबकली. पलीकडे दादूशेट, त्याच्यासमोर गिऱ्हाईकांची रांग. गंगाराम कुठेच नाही.

तिने बांबूकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिने वाकायचं टाळलं. "बांबू उचला," ती हळूच म्हणाली. "माझी कंबर मोडलीय तापाने."

दादूशेट उठला. बांबूला हात घातला. तेवढ्यात रांगेतून एकजण म्हणाला, "शेट, घरच्यांना जकात नाही वाटतं?"

सगळे बघायला लागले. बांबू असा हाताने उचलला, तर तो नुसता बांबू आहे हे सगळ्यांना दिसणार. दादूशेटचा हात बांबूवरून निघाला. तो आत गेला, तागडी घेऊन आला आणि त्याने सगुणाच्या हातून भाकरी घेऊन एका पारड्यात ठेवली.

तागडी स्थिर होईपर्यंत सगुणा उभी राहिली. मग तिने पारड्यातली भाकरी उचलली, चतकोर मोडला आणि पुन्हा पारड्यात ठेवला. "ही घ्या जकात," ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी, चटणी फडक्यात बांधून आल्या वाटेने चढण उतरू लागली.

"नाका खरा आहे बाबा," रांगेतला माणूस बाजूच्याला म्हणाला. "बायकोलासुद्धा सोडत नाही."

त्या दिवशी दुकान खूप चाललं, गुळाची ढेप संपली. दुपार टळल्यावर दादूशेटने पारड्यातला चतकोर उचलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सगुणा येईल म्हणून तो बांबू उचलून धरायला तयार बसला होता, सगळ्यांसमोर. ती आली नाही.