निळं पिंप

शिवाच्या पडवीत तीन पांढरी पिंपं उभी राहिली, त्या दिवसापासून रंभेच्या घशाखाली भात नीट उतरेना. शिवा तिचा धाकटा दीर, रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा. वैशाली त्याची बायको. दोन्ही घरं एकाच अंगणातली, मध्ये नुसती कुडाची भिंत. वैशालीनं पिंपाचं झाकण फिरवलं तरी त्याची करकर रंभेला आपल्या चुलीपाशी ऐकू यायची. त्या पिंपांतल्या वालांना भुंगा लागत नव्हता आणि उंदरालाही वाट सापडत नव्हती. रंभेचे वाल सासऱ्यांच्या हातच्या कणगीत. बांबूची, शेणानं सारवलेली कणगी. चैत्र सरला की तिच्या तळातून भुंग्यानं केलेलं पीठ गळायला लागायचं.

पिंपं कंपनीतली नाहीत, पेणला रामवाडीच्या तेलवाल्याकडची आहेत, त्यांत खायचं तेल होतं, असं वैशालीनं दोनदा सांगितलं होतं. शिवा पुन्हा पेणला गेला की तुम्हालाही एक आणवते, असंही म्हणाली होती. रंभेनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही मला खुळी समजते. कंपनीत कामाला जाणारा माणूस पिंपासाठी पेणला कशाला जाईल? आणि खरं सांगायचं तर पिंप मिळेल की नाही यापेक्षा ते जावेच्या हातून घ्यावं लागेल, हेच तिला जास्त झोंबत होतं.

ते साल रोह्याच्या पुढं रेल्वेचे रूळ टाकायला सुरुवात झाल्याचं. अष्टमी गावच्या दाजी भंगारवाल्याकडे रोज नवं काहीतरी येऊन पडायचं. एका बाजाराच्या दिवशी तिथं रंभेला निळं पिंप दिसलं. वैशालीच्या पिंपांहून हातभर उंच, तोंडाला लोखंडी पट्टी. आत पूर्वी काय होतं ते तिनं विचारलं नाही, दाजीनंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरचं पितळी घंगाळ घेऊन गेली आणि बैलगाडीत पिंप टाकून आली. तिचा नवरा हैबतराव घंगाळाबद्दल काही बोलू लागला, तर त्याला म्हणाली, तुमच्या भावाला बायकोचं कौतुक आहे आणि तुम्हाला घंगाळाचं.

ओढ्यावर नेऊन तिनं ते राखेनं, चिंचेनं घासलं. आतला वास जाईना. घासलेलं पाणी वाहून गेलं तिथं बोट-बोट मासे उलटे तरंगायला लागले. उन्हाळ्यात पाणी तापतं, मासे मरतात, असं स्वतःला सांगून ती उठली. चार दिवस पिंप उन्हात ठेवलं, तेव्हा कुठं वास बसला.

शेजारची मालू पिंपाभोवती दोनदा फिरली, थापटून बघितलं आणि वळून वळून बघत घरी गेली. त्या संध्याकाळी रंभा पोटभर जेवली.

सकाळी वैशाली आली. पिंपाच्या अंगावरचा कागद कुणीतरी खरवडून काढला होता, पण एक तुकडा उरला होता. त्यावर अर्धी कवटी होती आणि खाली हाडाचं टोक. वैशालीनं त्यावर बोट ठेवलं.

"वयनी, हे तणावर मारायच्या औषधाचं हाय. ह्यांनी असली पिंपं कंपनीत बघितलीत. ह्याच्यात खायचं काय ठेवू नका. मी माझं एक रिकामं करून देते."

रंभा आवाज न चढवता म्हणाली, "तुझी तीन हायत ती चालतात. माझं एक आलं तर डोळ्यात खुपलं गो तुझ्या?"

वैशालीचे कान लाल झाले. ती निघून गेली. त्याच दुपारी रंभेनं वर्षाचे वाल, खायचे आणि पेरायचेही, निळ्या पिंपात ओतले. कणगी मोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली.

आषाढात बिरडं करावं म्हणून तिनं पहिल्यांदा पट्टी सोडली. वाल भिजवले, फडक्यात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर एकाही वालाला मोड नव्हता. बुळबुळीत झाले होते आणि ओढ्यावरचा तोच वास मारत होते. तिनं तळातले काढून पुन्हा भिजवले. तेही तसेच. कुडापलीकडून बिरड्याच्या फोडणीचा वास येत होता.

हैबतराव म्हणाला, म्हशीला घालू. रंभेला ते उलटे मासे आठवले. ती उठली आणि जावेच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

वैशाली एक शब्द टाकून बोलली नाही. बोलली असती तर रंभेला बरं वाटलं असतं. शिवा शिफ्टवरून आला, भावाला घेऊन विहिरीपासून लांब, वरच्या माळावर गेला आणि दोघांनी कमरेएवढा खड्डा खणून सगळे वाल पुरले. पिंपाबद्दल तो म्हणाला, ओढ्यात टाकायचं नाही, दाजीला परत द्यायचं नाही. सोमवारी टेम्पोतून नेऊन कंपनीच्या स्टोअरात देतो, पण तोवर कुणी उचलू नये म्हणून तळाला भोकं पाडून ठेवा. वैशालीनं पेरायला दोन पायल्या वाल मापून दिले. रंभेनं पदर पसरला, आणि पसरता पसरताच तिची नजर त्या तीन पांढऱ्या पिंपांवरून फिरून आली.

अंगणात तिनं निळं पिंप उपडं केलं. पहार आणि हातोडा घेतला, तोच मालू आली. टाकायचंच असेल तर मला दे, म्हणाली. मी वाल नाय ठेवत, नुसतं पाणी भरीन. रंभेनं तिला सगळं सांगितलं. मासे, मोड न आलेले वाल, अर्धी कवटी. मालूनं मान डोलावली.

ती मान कशी डोलते ते रंभेला चांगलं ठाऊक होतं. तिनं पहारेचं टोक तळावर टेकवलं आणि हातोडा घातला. एक भोक. मग दुसरं. मग तिसरं.

मालू दोन पावलं मागं सरली. "द्यायचं नव्हतं तर नाय म्हणायचंस," ती म्हणाली. "माझ्या दारात एक उभं राहिलं असतं तर येवढं खुपलं असतं गो तुला?"

ती गेली. कुडापलीकडं झाकणाची करकर मध्येच थांबली होती. वैशालीनं ऐकलं असणार. रंभेनं कपाळावरचा घाम पुसला आणि चौथ्या भोकासाठी पहार टेकवली.