चुन्याचं बेट

फेलिसाबाईंनी शाळेच्या अंगणात चुन्यानं आपलं बेट काढलं. दक्षिणेचं टोक जरा फुगीर झालं, पण मुलांनी लगेच ओळखलं.

"बाई, आमचं घर इथं!"

"आणि तुझं पाण्यात!"

सहावीला लोकसंख्येचा धडा चालू होता. पुस्तकातल्या आलेखांवर मुलांनी नुसत्या जांभया दिल्या, म्हणून बाईंनी वर्गच बाहेर आणला. "हा पणजोबांचा काळ," म्हणत त्यांनी चौघांना चुन्याच्या आत उभं केलं आणि ओंजळभर शिंपले टाकले. हे मासे. चौघं खुशाल नाचायला लागले. आजोबांच्या काळात आठ झाले, आईबापांच्या काळात सोळा. शेवटी अख्खा वर्ग आत घुसला, तेव्हा कुणाचा पाय कुणाच्या पायावर आहे ते कळेना. शिंपले एका झटक्यात संपले. दोघं-तिघं बाहेर ढकलले गेले आणि "बुडालो, बुडालो!" करत धुळीत हातपाय मारू लागले.

बाई खूश झाल्या. धडा डोक्यात शिरला होता.

तेवढ्यात जुनरेल ओरडला, "बाई, चेरिलिनच्या घरात अकरा भावंडं आहेत! त्यांनाच काढा ना बाहेर, बेट मोकळं होईल!"

सगळे खो खो हसले. चेरिलिन तेवढी हसली नाही. अकरांतली ती दहावी.

"बाई," तिनं विचारलं, "मग आमच्यातलं जास्तीचं कोण? मी?"

बाई काही बोलणार तोच घंटा झाली आणि मुलं पांगली. फेलिसाबाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरतोय न भरतोय तोच चेरिलिनची आई दारात उभी. तिला सगळे नानाय सोलेदाद म्हणत. नानाय म्हणजे आईच. कडेवर धाकटा, केसांना अजून खाऱ्या वाऱ्याचा वास.

"कुठलं जास्तीचं झालंय, बाई? दाखवा बोट! पोरगी रात्री जेवली नाही माझी."

"एकही नाही," फेलिसाबाई म्हणाल्या. "चूक माझी झाली. कालच सांगायला हवं होतं. आणि मी स्वतः आमच्या घरातली नववी. आई आठांवर थांबली असती, तर आज तुम्ही कुणाशी भांडला असता?"

सोलेदादनं हसू दाबून पाहिलं, पण ते फुटलंच. "भांडायला मला माणसं कमी नाहीत हो," ती म्हणाली.

"चला मग, तुम्हीही या. कालचा खेळ अर्धाच राहिलाय."

सगळे अंगणात आले. बाईंनी चेरिलिनला विचारलं, "आता नियम काय करायचा?"

"जे आलेत त्यांना कुणी बाहेर काढायचं नाही," ती ठणकावून म्हणाली. "विचार करायचा तो पुढच्यांचा."

जुनरेलचे कान लाल झाले. "आणि बारके शिंपले उचलायचे नाहीत," तो पुटपुटला. "ते मोठे होऊ द्यायचे."

मग ठरलं, की प्रत्येक जोडीमागे दोघंच नवे आत येणार, आणि म्हातारे झालेले बाहेर बसून टाळ्या वाजवणार. या खेपेला शेवटपर्यंत नाचायला जागा उरली. सोलेदादचा धाकटा मात्र रांगत आत गेला आणि शिंपल्यांच्या ढिगावर बसला. तो काही केल्या उठेना.

"सगळा समुद्र याच्या बुडाखाली!" जुनरेल म्हणाला, आणि आता चेरिलिनच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

निघताना सोलेदादनं बाईंना बाजूला घेतलं. "दवाखान्यात नर्सबाई गुरुवारी असतात ना? मला आता बारावं नकोय. नवराही हो म्हणालाय. पण एकटीनं जायची लाज वाटते."

"मी येते की बरोबर."

गुरुवारी बाई पोचल्या, तर सोलेदादबरोबर तिच्या दोन्ही जावा आणि शेजारीण नटूनथटून हजर.

"मी फक्त एकीला सांगितलं होतं हो," सोलेदाद म्हणाली.

नर्सबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं आणि आतून आणखी एक बाक ओढत आणला.